ज्युबिलीचें वर्ष व टाकलेल्या बालकांचें घर

ज्युबिली या शब्दाचा अर्थ आज आपण उत्सव असा करतों. देवळाची रंगरंगोटी, समारंभाची मिस्सा, पाहुण्यांची सरबराई आणि शेवटीं प्रस्तुत पुस्तिकेसारखी एखादी स्मरणिका, एवढ्यानें ज्युबिली यथासांग पार पडली असें मानण्यांत येतें. यांत वावगें कांहींच नाहीं. तथापि मोशेच्या नियमशास्त्रांत ज्युबिलीचा जो मूळ अर्थ सांगितला आहे तो याहून पुष्कळ खोल आहे. पन्नासाव्या वर्षीं रणशिंग फुंकलें म्हणजे गहाण पडलेली जमीन मूळ धन्याकडे जावी, दास मोकळा व्हावा, आणि परिस्थितीनें दूर फेंकला गेलेला प्रत्येक मनुष्य आपल्या कुळाकडे परत यावा, असा तो नियम होता. तेव्हां ज्युबिली म्हणजे घरीं परतण्याचें वर्ष होय. हाच अर्थ मनांत धरून आम्ही या लेखाचा विषय निवडला आहे.

ज्युबिलीनिमित्त कांहीं सत्कृत्य घडावें अशी इच्छा प्रत्येक धर्मग्रामांत उत्पन्न होते, आणि बहुधा पहिली सूचना अशी येते कीं, टाकलेल्या व अपंग बालकांच्या एखाद्या आश्रमास आपण सर्वांनीं भेट द्यावी. अलीकडे तर पुष्कळ देशांतील धर्मग्रामांचे स्वयंसेवक अशा भेटीसाठीं समुद्रापलीकडे जाऊं लागले आहेत. हेतु चांगला, परंतु अशा भेटींपासून त्या बालकांचें काय हित झालें, हा प्रश्न इतिहासास विचारल्यावांचून केवळ हेतूवर संतुष्ट राहणें योग्य नव्हे. रहिमतपूर व भोंवतालच्या गांवांतील आमच्या वाचकांपुढें या इतिहासांतील कांहीं पानें आम्ही ठेवीत आहों.

मूल टाकण्याची रीत फार जुनी आहे. रोमन लोकांत नकोसें मूल, त्यांतहि व्यंग असलेलें मूल, उघड्यावर ठेवून देण्यास शतकानुशतकें कोणाची आडकाठी नव्हती. ख्रिस्तसभेनें आरंभापासून या रीतीचा निषेध केला. पण नुसत्या निषेधानें मूल जगत नाहीं, हेंहि तिच्या लवकरच ध्यानांत आलें. इ. स. ४४२ मध्यें गॉल देशांतील व्हेझों येथें भरलेल्या धर्मसभेनें असें ठरविलें कीं, ज्यास टाकलेलें मूल सांपडेल त्यानें तें देवळास कळवावें, आणि रविवारीं वेदीवरून त्याची वार्ता जाहीर करण्यांत यावी, म्हणजे त्याचें कोणी असल्यास तें पुढें येईल. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. मुलाची सोय कोठें लावावी हा त्या धर्मसभेपुढें दुसरा प्रश्न होता. मूल कोणाचें, हा पहिला.

पुढें नगरें वाढलीं, दारिद्र्य वाढलें, आणि बालकांसाठीं मोठमोठीं गृहें उभीं राहिलीं. इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं १४१९ सालीं बांधावयास घेतलेलें व १४४५ सालीं उघडलेलें 'निष्पाप बालकांचें रुग्णालय' हें त्यांत सर्वांत प्रसिद्ध. ब्रुनेलेस्की या विख्यात स्थापत्यकारानें त्याची रचना केली. त्याच्या भिंतींत पुढें एक फिरता पाळणा बसविण्यांत आला. बाहेरून कोणीं मूल ठेवावें, पाळणा फिरवावा, व आंतून तें उचलून घेतलें जावें. ठेवणाराचें तोंड कोणास दिसूं नये. पुष्कळ आया मुलाबरोबर अर्धें तोडलेलें नाणें किंवा पदक ठेवीत व उरलेला अर्धा तुकडा स्वतःजवळ बाळगीत. कधीं काळीं दिवस पालटले तर दोन तुकडे जुळवून आपलें मूल ओळखतां यावें, ही त्यांतली आशा होती. तीं अर्धीं नाणीं तेथें अद्यापि जतन केलेलीं आहेत. टाकणारी आई निष्ठुरच असते असें म्हणणारांनीं त्या नाण्यांचा विचार करावा.

आतां भेटीच्या विषयाकडे वळूं. १६३८ सालीं पॅरिस शहरांत जें घडलें तें या बाबतींत सर्वांत बोधप्रद आहे. त्या शहरीं टाकलेलीं मुलें 'ला कूश' नांवाच्या एका घरांत पोहोंचविलीं जात. संत व्हिन्सेंट दि पॉल यांच्या प्रेरणेनें धर्मकार्य करणाऱ्या कुलीन स्त्रियांचें एक मंडळ होतें. त्यांतील स्त्रिया त्या घरास भेट देण्यास गेल्या. तेथें त्यांस आढळलें कीं, मुलांच्या मानानें दाया फार थोड्या. रडें थांबावें म्हणून मुलांस गुंगीचें औषध पाजण्यांत येतें. कांहीं मुलें थोडक्या पैशांस भिकाऱ्यांस विकलीं जातात. आणि बहुतेक मरतात. या स्त्रिया खाऊ वांटून परतल्या असत्या तर इतिहासानें त्यांची नोंदहि घेतली नसती. त्यांनीं चिठ्ठ्या टाकून बारा बालकें निवडलीं व भाड्याच्या एका घरांत त्यांचा सांभाळ सुरू केला. लुईज दि मारियाक व त्यांच्या भगिनींनीं तें काम अंगावर घेतलें, आणि दोन वर्षांत सर्वच टाकलेल्या मुलांचा भार या मंडळानें पत्करला.

पुढें यादवी युद्ध माजलें, पैसा आटला, आणि हें ओझें आतां टाकावें असा विचार त्या स्त्रियांच्या मनांत आला. त्या वेळीं संत व्हिन्सेंट यांनीं त्यांस बोलावून जो प्रश्न घातला त्याचा आशय असा : आजवर तुम्ही या बालकांच्या आया होतां, आतां क्षणभर न्यायाधीश व्हा, आणि तीं जगावीं कीं मरावीं याचा निकाल तुम्हीच द्या. काम पुढें चाललें. भेट देणें सोपें. भेटीनंतर उत्पन्न झालेलें नातें निभावणें कठीण. आणि खरें मोल त्या निभावण्यासच आहे, हा या कथेचा इत्यर्थ.

आपल्या देशाकडे पाहतां, या कार्याचा मान प्रथम ज्यांस दिला पाहिजे ते आमच्याच सातारा जिल्ह्याशीं निगडित आहेत. महात्मा जोतीराव फुले यांचें मूळ गांव खटाव तालुक्यांतील कटगुण, म्हणजे रहिमतपुराच्या शेजारच्या तालुक्यांत. आणि सावित्रीबाईंचें माहेर खंडाळा तालुक्यांतील नायगांव. या दांपत्यानें १८६३ सालीं पुण्यांत आपल्या घरींच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. फसलेल्या विधवेनें तेथें गुपचूप येऊन बाळंत व्हावें. मूल बरोबर न्यावें किंवा ठेवून जावें, ही सर्वस्वी तिची खुषी. त्या काळीं अशा अभागिनीपुढें विहीर किंवा काळें पाणी एवढेच मार्ग असत. फुले दांपत्यानें मूल वांचविलें, तसेंच आईसहि वांचविलें. शिवाय अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत यास त्यांनीं दत्तक घेतलें. तो पुढें डॉक्टर झाला; आणि १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची सेवा करतांना सावित्रीबाईंनीं देह ठेवला त्या वेळीं त्यांच्याबरोबर तोच सेवेंत होता. आमचा पुणें धर्मप्रांत १८८६ सालीं स्थापन झाला. त्याच्याहि तेवीस वर्षें आधीं हें घर पुण्यांत उघडलेलें होतें, याचें आम्हांस कृतज्ञतेनें स्मरण असावें.

त्यानंतर बारा वर्षांनीं, १८७५ सालीं, पंढरपुरास दुसरें असें गृह निघालें. क्षेत्राच्या गर्दींत मूल सोडून जाणें सोपें, म्हणून तेथें अशीं बालकें वारंवार सांपडत. त्या वेळीं तेथें न्यायाधीश असलेले लालशंकर उमियाशंकर यांनीं पुढाकार घेतला व प्रार्थना समाजानें तें काम चालविलें. विशेष असा कीं, फ्लॉरेन्सच्या रुग्णालयांतील तो फिरता पाळणा याच १८७५ सालीं कायमचा बंद झाला. एकीकडे निनांवी पाळण्याचा काळ संपत होता, आणि दुसरीकडे चंद्रभागेच्या तीरीं बालकांसाठीं एक दार नव्यानें उघडत होतें.

१८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं निराधार मुली व स्त्रिया यांस केडगांव येथें आणून 'मुक्ति' वसविली. तेथें अंध स्त्रियांस ब्रेल लिपि शिकविण्याचीहि सोय झाली; म्हणजे आंधळी मुलगी केवळ पोसण्याची नव्हे, तर शिकविण्याची आहे, हा विचार आपल्या प्रांतांत रुजला. केडगांवास परदेशांतूनहि पाहुणे व साहाय्य येऊं लागलें. येथून आमच्या विषयाचा मुख्य भाग सुरू होतो; कारण परदेशच्या बालगृहास भेट देणारे स्वयंसेवक हा विषय निघाला म्हणजे आपण स्वतःस भेट देणारे समजतों, पण दीर्घकाळ आपला देशच भेट दिला जाणारा परदेश होता.

मुंबईजवळच्या अंधेरींत, जें आतां मुंबईचाच भाग झालें आहे, सेंट कॅथरिन्स होम नांवाचें बालगृह आहे. तेथें ॲना ह्यूबर्टा या जर्मन धर्मभगिनी टाकलेल्या व निराधार बालकांमध्यें काम करीत होत्या. येथील गरिबांची सेवा येथील स्त्रियांनींच केली पाहिजे, हें ओळखून त्यांनीं १९४२ सालीं भारतीय स्त्रियांची एक नवी संस्था स्थापन केली. ती 'मरियेच्या साहाय्यिका' या अर्थाच्या नांवानें ओळखली जाते. युद्धाचे दिवस, धान्याची टंचाई, आणि दारीं येणाऱ्या मुलांची संख्या न थांबणारी, अशा स्थितींत हें घर चाललें.

१९५९ सालीं जर्मनींतील बॉन शहरीं रोझी गोलमन या धर्मशिक्षण देणाऱ्या तरुण शिक्षिकेस या घराची हकीकत समजली. तिनें आपल्या भोंवतालच्या तरुण मंडळींस बरोबर घेऊन मदत जमविण्यास आरंभ केला. स्वतःच्याच देशांत युद्धानें उद्ध्वस्त झालेलीं घरें ज्यांनीं लहानपणीं पाहिलीं होतीं, अशी ती पिढी होती. पुढें गोलमनबाई स्वतः भारतांत आल्या, अंधेरीचें घर त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें, आणि १९६७ सालीं बॉन येथें 'अंधेरी-हिल्फे', म्हणजे अंधेरीसाठीं साहाय्य, या नांवाची संस्था रीतसर स्थापन झाली. मुंबईच्या एका उपनगराचें नांव जर्मनींतील एका धर्मादाय संस्थेनें आपल्या कपाळीं मिरविलें, ही गोष्ट आपल्यांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल.

येथपर्यंतची कथा इतर शेंकडों कथांसारखी आहे. तिचें वैशिष्ट्य पुढें आहे. अंधेरीसारख्या गृहांत येणाऱ्या बालकांपैकीं पुष्कळांस आईबाप होते. होती नव्हती ती भाकर. आईनें मूल आश्रमांत आणून सोडलें तें नकोसें झालें म्हणून नव्हे, तर घरीं ठेविलें तर तें जगणार नाहीं म्हणून. ही गोष्ट एकदां उमगल्यावर साहाय्याचा रोख बदलणें भाग होतें. बालगृहांतील ताट भरणें चालूच राहिलें. पण त्याबरोबर खेड्यांत पाणी, शेती, स्त्रियांचा रोजगार व आरोग्य यांकडे ही संस्था वळली. लोकांनीं आपल्या पायांवर उभें रहावें व मुलास घर सोडावेंच लागूं नये, हें तिचें धोरण झालें. १९७३ पासून तिनें बांगलादेशांत अंधत्वनिवारणाचें काम हातीं घेतलें, व कालांतरानें तेथें दहा लाखांहून अधिक नेत्रशस्त्रक्रिया तिच्या साहाय्यानें झाल्या. एका बालगृहाच्या भेटींतून एवढें निपजलें, याचें कारण भेट देणारीनें बालकाकडे पाहून अश्रु ढाळण्यावर न थांबतां, हें बालक येथें कां आलें, असा प्रश्न विचारला.

याच्या उलट उदाहरणहि इतिहासांत आहे, व तें सांगणें अवश्य आहे. रुमानिया देशांत १९६६ सालीं सरकारनें गर्भपातास बंदी करून लोकसंख्या वाढविण्याचा हट्ट धरला. ज्यांस मुलें पोसणें अशक्य त्यांचीं मुलें सरकारी गृहांत जाऊं लागलीं. तीन वर्षांच्या सुमारास मुलांची प्रतवारी होई, आणि अपंग ठरलेलीं मुलें दूरच्या, निकृष्ट गृहांत पाठविलीं जात. डिसेंबर १९८९ मध्यें ती राजवट कोसळली तेव्हां अशा गृहांतून एक लाखाच्या सुमारास मुलें असल्याचें जगास कळलें. युरोप-अमेरिकेंतील कित्येक ख्रिस्ती मंडळ्यांचे स्वयंसेवक तिकडे धांवले. त्यांनीं भिंती रंगविल्या, गाद्या व औषधें नेलीं, मुलांस उचलून घेतलें. त्यांतील कळवळा खरा होता, व उपासमारीनें मरणारीं पुष्कळ मुलें त्यामुळें वांचलीं. परंतु गृहें सुधारलीं म्हणजे मूल सुधारेल, ही समजूत मात्र टिकली नाहीं.

२००० सालीं बुखारेस्ट शहरीं अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १३६ बालकांचा अभ्यास आरंभिला. त्यांतील निम्म्या बालकांस, चिठ्ठ्या टाकाव्या तसें निवडून, पालक कुटुंबांत ठेवण्यांत आलें; बाकीचीं गृहांतच राहिलीं. कुटुंबांत गेलेल्या बालकांची बुद्धि, भाषा व जिव्हाळा लावण्याची शक्ति यांत स्पष्ट वाढ दिसली. आणि दोन वर्षांच्या आंत जीं कुटुंबांत गेलीं त्यांस विशेष लाभ झाला. २००४ सालीं रुमानियानें कायदा करून दोन वर्षांखालील बालकास अशा गृहांत ठेवण्यास, फार गंभीर अपंगत्वाचा अपवाद सोडून, मनाई केली. पॅरिसमध्यें १६३८ सालीं चिठ्ठ्यांनीं बारा बालकें जगलीं. बुखारेस्टमध्यें चिठ्ठ्यांनींच सिद्ध झालें कीं, बालकास अन्नाइतकीच एका ठराविक माणसाची गरज असते. दर आठवड्यास नवा पाहुणा येतो, कडेवर घेतो, आणि निघून जातो. मुलास मात्र प्रत्येक वेळीं पुन्हां टाकलें गेल्याचें दुःख होतें.

याहूनहि वाईट असें कीं, पाहुण्यांच्या देणगीवर चालणारीं कांहीं गृहें कित्येक देशांत केवळ पाहुण्यांसाठींच चालूं लागलीं, आणि आईबाप असलेलीं मुलें फूस लावून त्यांत भरण्यांत आलीं. म्हणून ऑस्ट्रेलियानें २०१८ सालच्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्याच्या वेळीं अशा व्यवहाराची गणना गुलामगिरींत केली. आणि डिसेंबर २०१९ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेंहि अनाथगृहांतील हौशी स्वयंसेवेच्या धोक्याकडे सर्व राष्ट्रांचें लक्ष वेधलें.

मग ज्या बालकास परतावयास कुटुंबच नाहीं, व अपंगत्वामुळें ज्यास कोणी दत्तकहि घेत नाहीं, त्याचें काय? या प्रश्नाचें उत्तर पाहण्यासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. अमरावती जिल्ह्यांत परतवाड्यानजीक वझ्झर येथें शंकरबाबा पापळकर यांनीं अंबादासपंत वैद्य यांच्या नांवानें बेवारस अपंग बालकांचें घर चालविलें आहे. रेल्वेफलाटावर, उकिरड्यावर सांपडलेलीं अंध, मूकबधिर व मतिमंद अशीं शंभरांहून अधिक मुलें तेथें वाढलीं. संत गाडगे महाराजांच्या विचारांनीं भारलेल्या या गृहस्थानें त्या सर्वांस आपलें आडनांव दिलें. त्यांच्या कागदोपत्रीं बाप म्हणून स्वतःचें नांव लावलें. कित्येकांचीं लग्नें लावून दिलीं. आणि त्यांच्या हातांनीं हजारों झाडें वाढविलीं. अठरा वर्षें पूर्ण झालीं म्हणजे बालगृह सोडावें लागतें. पण जें मूल बोलूं शकत नाहीं, पाहूं शकत नाहीं, तें अठराव्या वाढदिवशीं कोठें जाणार, हा सवाल त्यांनीं सरकारपुढें अनेक वर्षें धरून ठेवला. २०२४ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षीं त्या घरांत वाढलेली एक अंध कन्या राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. आश्रम आणि घर यांतील भेद तो हाच : आश्रमांत मुलाची नोंद होते, घरांत मुलास नांव मिळतें.

वरील इतिहासावरून आमच्या धर्मग्रामांतील तरुण-तरुणींस कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

बालगृहास भेट द्यावी, पण चालकांची अनुमति घेऊन व त्यांच्या गरजा विचारून द्यावी. शंभर जणांनीं एकदां जाण्यापेक्षां चौघांनीं वर्षभर ठराविक दिवशीं जाणें हितकर. मुलांचीं छायाचित्रें काढून चारचौघांत फिरवूं नयेत. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ७४ व्या कलमानें अशा बालकाची ओळख उघड करण्यास मनाईच आहे. कोठें टाकलेलें मूल आढळल्यास तें परस्पर कोणास देऊं नये. १०९८ या क्रमांकावर किंवा पोलिसांस तत्काळ कळवावें, म्हणजे चोवीस तासांच्या आंत तें बालकल्याण समितीपुढें जाईल. मूल सोडून देण्याचा निर्णय केलेल्या आईबापांस फेरविचारासाठीं दोन महिन्यांची मुदत याच कायद्यानें दिलेली आहे. फ्लॉरेन्सच्या त्या अर्ध्या नाण्याचीच ही आजची आवृत्ति होय.

परंतु सर्वांत महत्त्वाचें काम बालगृहाच्या दारीं नसून आपल्याच आळींत आहे. निराधार किंवा एकट्या पालकाचें मूल कुटुंबांतच वाढावें म्हणून महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे. तिला सातारच्या लेकीचें, क्रांतिज्योति सावित्रीबाई फुले यांचें, नांव दिलेलें असून २०२३ मध्यें तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये ठरली. कित्येक विधवा मातांस या योजनेची वार्ता नसते. असली तरी दाखले, अर्ज व कचेरीचे हेलपाटे त्यांच्यानें होत नाहींत. ज्या तरुणास चार अक्षरें येतात त्यानें अशा एका मातेचा अर्ज भरून द्यावा, तिच्याबरोबर कचेरींत जावें, आणि पैसे मिळूं लागेपर्यंत पाठपुरावा सोडूं नये. घरांत अपंग मूल असलेल्या शेजारणीस आठवड्यांतून एक दुपार विसांवा द्यावा. यांस कोणी टाळ्या वाजविणार नाहीं, आणि याचें छायाचित्रहि स्मरणिकेंत येणार नाहीं. परंतु त्यामुळें एक मूल आश्रमाच्या पायरीवर येण्यावांचून राहील.

पॅरिसच्या त्या स्त्रिया, पुण्याचे फुले दांपत्य, बॉनची शिक्षिका व वझ्झरचे शंकरबाबा यांचे देश, धर्म व काळ भिन्न होते. पण प्रत्येकानें बालकास पाहून पाठ फिरविली नाहीं, आणि केवळ पाहण्यावरहि समाधान मानलें नाहीं. आमच्या धर्मग्रामाच्या या ज्युबिली वर्षीं एक जरी बालक आपल्या माणसांकडे परतलें, किंवा त्यांच्यापासून तुटतां तुटतां राहिलें, तर मोशेच्या नियमांतील ज्युबिलीचें रणशिंग रहिमतपुरांतहि वाजलें असें आम्ही समजूं. परमेश्वर तशी बुद्धि व तसें बळ आम्हां सर्वांस देवो.